सांगून निघा

शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं रडतात, अशी आपली समजूत असते. रडतात, नाही असं नाही. पण त्यातलं बरंचसं रडणं शेजारचं रडतंय म्हणून असतं. पहिल्या दिवशी दारात रांगोळी असते, फुगे असतात, बाईंच्या हातात गुलाबाचं फूल असतं. महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा असेल तर प्रवेशोत्सव, ओवाळणं, नवी पुस्तकं, काही गावांत तर बैलगाडीतून मिरवणूकसुद्धा. मुलाला वाटतं, आपण कुणाच्या तरी बारशाला आलोय. खाऊ खाल्ला, फुगा घेतला, घरी आलो, संपलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी अंगावरची चादर ओढली की ते डोळे न उघडताच म्हणतं, ‘‘काल गेलतो की शाळेला! आज परत?’’

हे रोजचंच आहे, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळतं. खरं रडणं त्यानंतरचं. ते बहुधा दुसऱ्या आठवड्यात येतं. तोवर आईबाबांच्या रजा संपलेल्या असतात, फोटो काढून झालेले असतात, शाळेतले फुगे फुटलेले असतात आणि ‘आता रुळलं हो आमचं’ असं नातेवाइकांना सांगूनही झालेलं असतं.

माझं सगळं आयुष्य बालवाडीत गेलं. आता सोलापुरात सात रस्त्याजवळ राहते आणि जूनचा मध्य आला की सकाळी दूध आणायच्या निमित्ताने चौकात जरा जास्तच रेंगाळते. एक रस्ता रंगभवनकडचा, एक विजापूर रोडकडे जाणारा, एक स्टेशनच्या अंगाचा. शासकीय विश्रामगृह इथंच, परिवहनचा बस डेपोही इथंच. साहेबांच्या गाड्या, बस, भाजीचे टेम्पो यांच्या मधून शाळेची पोरं वाट काढत असतात. स्कूटीवर पुढे, आईच्या दोन हातांच्या मधे उभं असलेलं एखादं. बाबांच्या पाठीला गाल टेकून मागच्या सीटवर पेंगणारं एखादं. सिग्नल लाल असताना त्या चेहऱ्यांकडे बघितलं की कोण पहिल्या आठवड्यात आहे आणि कोण दुसऱ्या, हे मला सांगता येतं.

गोष्टींच्या पुस्तकांतला शाळेचा पहिला दिवस नेहमी पावसात भिजलेला असतो. सोलापूरला ते चित्र लागू नाही. आमचा खरा पाऊस सप्टेंबरचा. जूनमध्ये आभाळ नुसतं भरून येतं आणि पुढे निघून जातं. हौसेने घेतलेला रेनकोट घडीसुद्धा न मोडता दप्तरात पडून राहतो. इथली मुलं शाळेला निघतात ती उन्हाळ्यातूनच, अंगावर घामोळं आणि डोळ्यांवर झोप घेऊन. दोन महिने गच्चीवर रात्री अकरा-बारापर्यंत दंगा चाललेला असतो. आणि एका सकाळी अचानक त्यांना सातला उठवायचं असतं. राज्य सरकारने २०२४ साली पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं ठरवलं, ते मुलांच्या झोपेचा विचार करूनच. पण रिक्षा सगळ्यांना गोळा करत जाणार, म्हणजे पहिल्या घरी ती नऊच्या कितीतरी आधी येणार. तेव्हा मे संपायच्या आत झोपायची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे ओढणं, हे घरातलंच काम. साधं आहे, आणि फार थोड्या घरांत होतं. शाळेच्या दारातलं निम्मं रडणं हे अपुऱ्या झोपेचं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र बोलायला हवं.

शाळेच्या रिक्षांचे जे मामा असतात, त्यांना मुलांचं मन आपल्यापेक्षा जास्त कळतं. आमच्या कोपऱ्यावर एक मामा येतात. रडणारं पोरगं ते मागे इतरांच्या दप्तरांत कोंबत नाहीत. रिक्षा बंद करतात, खाली उतरतात, त्याला हँडलशी आणतात. ‘‘रडालास कशाला बे? हॉर्न वाजीव की.’’ पोरगं हुंदका देता देता हॉर्न दाबतं. मग पुन्हा दाबतं. हॉर्न वाजवून झाला की मागच्या सीटवर, कडेला नाही, मधे बसवतात. एवढं होईपर्यंत बाकीची पोरं ओरडत असतात, मागून गाड्यांचे हॉर्न वाजत असतात, मामा ढिम्म. एकदा एका मुलीची आई रिक्षात बसवून चटकन गेटच्या आड झाली, दिसली तर पोरगी आणखी रडेल म्हणून. मामा रिक्षा सुरूच करेनात. म्हणाले, ‘‘ताई, भायेर या. तिला दिसू द्या. तुम्ही लपला की ती शाळा येईपर्यंत मागंच बघत बसती.’’

आई बाहेर आली. टाटा केला. मुलगी रडलीच, पण तिचं तोंड पुढे होतं.

मामांनी जे सांगितलं तेवढंच मला आज सांगायचं आहे, फक्त थोडं विस्ताराने. मुलाला सोडून येताना लपू नका. पळू नका. सांगून निघा.

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला शाळेची भीती नसते. शाळा म्हणजे काय हेच त्याला माहीत नसतं, मग भीती कशाची? त्याला भीती असते ती सोडून गेलेलं माणूस परत येईल की नाही याची. इंग्लंडमधले मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी गेल्या शतकाच्या मध्याला हे नीट मांडलं. मूल आईला चिकटतं ते लाडावलेलं असतं म्हणून नव्हे. आपलं माणूस हाक मारली तर येईल, एवढी खात्री असली की ते आपणहून दूर जातं आणि खेळतं. खात्री नसली की पदर सोडत नाही. आपल्याकडच्या आज्ज्यांना हे बोल्बी न वाचताही ठाऊक होतं. तरीही आज सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला नेमका उलटा आहे : खेळण्यात गुंतवा आणि हळूच सटका.

हा सल्ला शेजारीण देते, मावशी देते आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही बाईसुद्धा देतात. त्या दिवसापुरता तो लागूही पडतो. मूल ठोकळे रचत असतं, आई पाय न वाजवता दाराबाहेर पडते, पाच मिनिटं शांतता. मग मूल मान वर करतं. दारात कुणी नाही. त्या क्षणी त्याला जे कळतं ते असं की आपण मान खाली घातली की माणसं नाहीशी होतात. दुसऱ्या दिवशी ते ठोकळ्यांना हातच लावत नाही. ते आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसतं आणि डोळ्यांची पापणी लवू देत नाही. तिसऱ्या दिवशी रडणं शाळेच्या दारात सुरू होत नाही; घरी, बूट दिसले की सुरू होतं. आणि आपण म्हणतो, पहिल्या दिवशी किती छान बसला होता, आता काय झालं कुणास ठाऊक.

जर्मनीत बर्लिनमध्ये १९८०च्या दशकात लहान मुलांच्या पाळणाघरांसाठी एक पद्धत बसवली गेली. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर त्या खोलीतच तासभर बसतात आणि दोघं मिळून घरी जातात. सोडून जाण्याचा विषयच नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा आई मुलाला सांगून खोलीच्या बाहेर जाते, तीही थोड्या मिनिटांपुरती. मूल बाईंकडे शांत होतं का हे बघायचं. होत असेल तर वेळ वाढवायची, नसेल तर आणखी काही दिवस बसायचं. आपल्याकडे एका वर्गात चाळीस मुलं असतील तर चाळीस आया बसवायच्या कुठे, हा प्रश्न खरा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळते. तिने तीन सकाळी शाळेत बसून काढल्या तर त्या तीन सकाळींची मजुरी गेली. तिला बर्लिनची गोष्ट सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

पण सांगून बाहेर जायला जागा लागत नाही आणि मजुरीही बुडत नाही. अर्धं मिनिट लागतं.

सांगायचं काय, यालाही थोडी अक्कल लागते. ‘बाराला येते’ हे मुलाला कळत नाही, त्याच्या जगात बारा वाजतच नाहीत. ‘थोड्या वेळात येते’ हे तर खोटंच असतं. त्याला कळतो तो क्रम. डबा खायचा, मग गाणं म्हणायचं, मग दप्तर भरायचं, मग बूट घालायचे, की मी दारात. हे सांगायचं, एकदा जवळ घ्यायचं आणि निघायचं. निघायचं म्हणजे खरंच निघायचं. दारात पाच वेळा वळून बघायचं नाही, खिडकीतून डोकवायचं नाही. खिडकीत आईचा अर्धा चेहरा दिसत राहिला तर वर्गातली बाई हतबल होते, हे अनुभवाने सांगते. मूल रडेल. रडू द्या. बाईच्या कडेवर रडेल, मावशीच्या पदरात रडेल, आणि आई दिसेनाशी झाली की बहुतेक मुलं काही वेळाने गाण्याकडे कान देतात. रडणं वाईट नाही. फसवणूक झाल्याचं रडणं वाईट, ते लांबतं.

फसवणुकीची सुरुवात खरं तर मे महिन्यातच होते. पोरगं ऐकत नाही, पाण्याची टाकी उघडतं, कुलरमध्ये बोट घालतं. आपण म्हणतो, ‘‘थांब, जून येऊ दे. शाळेत बाई सरळ करतील तुला.’’ आज्जी म्हणते, बाबा म्हणतात, वरचे काकासुद्धा जाता जाता म्हणून जातात. दोन महिने शाळेची अशी जाहिरात केल्यावर जूनमध्ये आपण एकदम सूर बदलतो : बाई किती छान आहेत, शाळेत किती मज्जा आहे! मूल लहान असतं, बावळट नसतं. पंतोजींच्या काळी शाळा चुकवणाऱ्या पोराला चार दांडगी पोरं धाडून उचलून आणत. ते दिवस गेले. पहिली ते आठवीच्या वर्गांत मुलाला मारणं किंवा त्याचा मानसिक छळ करणं शिक्षणहक्क कायद्याने २०१० पासून बंद आहे. आणि आपण घरबसल्या त्याच्या नावाने बाईंच्या हातात छडी देतो. मग गेटवर मूल बाईंकडे जायला का कचरतं, याचं नवल करतो.

लालूच हा दुसरा प्रकार. ‘रडला नाहीस तर आईस्क्रीम.’ जर्मनीत मूल पहिलीत जातं त्या दिवशी त्याच्या हातात खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला कागदाचा मोठा शंकू देतात, जवळजवळ त्याच्या कमरेइतका. मला त्यात आवडतं ते एवढंच की तो रडणाऱ्यालाही मिळतो आणि न रडणाऱ्यालाही. खाऊ द्यायचा तर असा द्यावा. न रडण्याची अट घातली की मूल रडणं गिळायला शिकतं, आणि गिळलेलं रडणं मग रात्री अंथरुणात बाहेर येतं.

सोलापुरात आणखी एक गाठ असते, तिच्याकडे बाहेरच्यांचं लक्ष जात नाही. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, आजोळी कन्नड, शेजारच्या वाड्यात उर्दू आणि शाळा इंग्रजी. हे शहरच अशा सरमिसळीवर वाढलंय. महापालिकेच्या शाळासुद्धा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या. मोठ्यांना याचा अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण तीन वर्षांचं मूल पहिल्या दिवशी वर्गात बसतं तेव्हा त्याला अभिमानाचं काही नसतं, त्याला तहान लागलेली असते. माझ्या वर्गात कुणी पाणी मागायचं, कुणी पानी, कुणी नीळ्ळु, कुणी नीरु. हे सगळं मला कळणं भागच होतं, नाहीतर पोर दिवसभर तहानलेलं राहायचं.

तहान निदान बोटाने दाखवता येते. शूचं काय? पहिल्या आठवड्यात ज्या चड्ड्या ओल्या होतात, त्यातल्या पुष्कळ मूल लहान म्हणून होत नाहीत. कुणाला आणि कसं सांगायचं ते माहीत नसतं म्हणून होतात. घरचा शब्द बाईंना कळत नाही, बाईंचा शब्द मुलाला येत नाही. त्यात शाळेचं संडास अंधारं, कडी उंच, दार लोखंडी आणि ते लागताना होणारा आवाज मोठा. मूल दाबून धरतं, मग सुटतं, मग सगळे हसतात. दुसऱ्या दिवशी ते ‘पोटात दुखतंय’ म्हणतं आणि आपल्याला ते नाटक वाटतं. नाटक नसतं. म्हणून ए-बी-सी-डी आणि एक ते शंभर बाजूला ठेवा. शाळेतल्या भाषेत ‘मला शूला जायचंय’ हे एक वाक्य आधी पाठ करून घ्या, पहिल्याच दिवशी बाईंबरोबर जाऊन ती जागा मुलाला दाखवून आणा आणि दप्तरात एक जास्तीची चड्डी ठेवा. तसंच डब्याचं. चार क्लिपांचा, कार्टूनचा, महागडा डबा मुलाच्या बोटांना उघडत नाही. आत आज्जीने कौतुकाने केलेली शेंगापोळी असते आणि ती तशीच घरी परत येते. घरी येऊन आई म्हणते, खाल्लं का नाहीस? अहो, उघडलाच नाही त्याला. डबा घेताना दुकानातच मुलाच्या हातात द्या आणि उघडायला सांगा.

आतापर्यंत सगळं आईबापांना सांगितलं. पण जुळवून घ्यायचं काम एकट्या मुलाचं आणि त्याच्या घरचं, असं धरून चालणं मला मान्य नाही. ताराबाई मोडकांनाही ते मान्य नव्हतं. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम करून आलेल्या या बाई १९४५ साली बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे १९५७ पासून कोसबाडची टेकडी हे त्यांचं कामाचं ठिकाण झालं. त्या भागातल्या गरीब वस्त्यांतली, आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीत येत नव्हती. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, त्यांच्या आयांनाही दिला नाही. आया कामावर जात, थोरली भावंडं धाकट्यांना सांभाळत, गुरं राखत. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. अंगण झाडायचं, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, आणि तिथंच दगड-पानं-शंख घेऊन शिकवायचं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. अंगणवाडी हे नाव तिथलं. पुढे १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली, तेव्हा तेच नाव देशभर झालं. आज सोलापुरातली विडी वळणारी बाई आपलं मूल गल्लीतल्याच अंगणवाडीत सोडते, सेविकेला ती नावाने ओळखते, दुपारी हाक मारली तर ऐकू जाते. त्या मुलाचं रडणं लवकर का थांबतं, याचं उत्तर यात आहे. मोठ्या फीच्या, मोठ्या गेटच्या शाळेत आईला गेटच्या आत पाऊल टाकायची सोय नसते. गेटवरून मूल हातोहात आत जातं, एखाद्या पार्सलसारखं. शिस्त म्हणून ते ठीक असेल, बालशिक्षण म्हणून अजिबात ठीक नाही.

सगळ्यांना बर्लिन जमणार नाही हे मान्य. पण पहिले दोन आठवडे आईला दहा मिनिटं वर्गाच्या दारापर्यंत येऊ द्यायला काय हरकत आहे? सरकारी शाळांत २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. एक सुट्टीच्या आधी, एक शाळा उघडताना. आई मुलाबरोबर शाळेत येते, मूल उड्या मारतं, चित्र रंगवतं, वस्तू मोजतं, आणि आई ते सगळं बघते. जूनमध्ये ते मूल वर्गात येतं तेव्हा ती खोली त्याने आईच्या सोबतीने आधी पाहिलेली असते. कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हा वाद कुठल्याही सरकारी योजनेत असतोच. तरी ही कल्पना शहाणपणाची आहे, आणि ज्या शाळा स्वतःला फार पुढारलेल्या समजतात त्यांनी ती उचलायला हरकत नाही.

आता घरी आल्यानंतरचं. बाई सांगतात, ‘‘शाळेत अगदी गुणी आहे हो.’’ आणि तेच गुणी पोर घरी आलं की दारातच लोळण घेतं. पाणी दिलं तर दूध हवं, दूध दिलं तर तो पेला नको, दुसरा हवा. आईला वाटतं, आपल्यालाच छळतंय. त्याचं कारण सोपं आहे. तीन तास ते अनोळखी ठिकाणी स्वतःला सावरून बसलेलं असतं. रांगेत उभं राहतं, पाळी येईपर्यंत थांबतं, रडू आलं तरी दाबतं. घरी आल्यावर ते सोडतं, कारण घरी सोडलं तरी कुणी टाकणार नाही ही खात्री असते. ही खात्री आहे म्हणून देवाला हात जोडा आणि पहिला अर्धा तास काही विचारू नका. खायला द्या, लोळू द्या. ‘आज रडलास का?’ हा प्रश्न तर दारात कधीच नको. रोज विचारलं की मुलाला वाटतं, शाळेत मुख्य काम रडण्याचं किंवा न रडण्याचंच आहे.

आणि एक विनंती. गेटवर रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ काढून तो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावायची पद्धत अलीकडे आली आहे, वर हसण्याच्या इमोजी. आपण ऑफिसच्या पहिल्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसले असते आणि कुणी ते टिपून दोनशे लोकांना दाखवलं असतं, तर आपल्याला काय वाटलं असतं?

मूल रुळतं केव्हा? तारीख सांगता येत नाही. कुणी आठवड्यात रुळतं, कुणाला दिवाळी येते. मला आठवतं ते असं की बऱ्याच मुलांचं आषाढीच्या सुमारास काहीतरी सुटतं. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पंढरपूरच्या वाटेवर सोलापूर शहरातूनच जाते. त्या दिवसांत शाळाशाळांतून बालदिंड्या निघतात. एवढंसं धोतर, कपाळाला बुक्का, हातात टाळ, पोरींच्या डोक्यावर प्लास्टिकची तुळस. दोन-दोनची रांग करायची असते आणि हात धरायला कुणीतरी लागतं. माझ्या वर्गातली एक मुलगी तोवर एक शब्द बोललेली नव्हती. दिंडीत तिचा जोडीदार टाळ वाजवता वाजवता सारखा रांग सोडायचा. तिने त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘लायनीत चल की बे!’’ दुसऱ्या दिवसापासून वर्गाची शिस्त तिनेच हातात घेतली. मला निम्मं काम कमी झालं.

रुळलेलं मूल पुन्हा बिघडतं, हेही आताच सांगून ठेवते. गणपतीची सुट्टी, दिवाळीचे दिवस, एखादा आठवड्याचा ताप, घरात धाकटं भावंड येणं. यातलं काहीही झालं की पुन्हा बूट बघून रडणं सुरू. आधीच्या मेहनतीवर पाणी पडलं असं समजू नका. दुसऱ्या खेपेला ते लवकर आवरतं. सोलापूरच्या मुलांचं बहुधा संक्रांतीच्या सुमाराची गड्ड्याची जत्रा येईपर्यंत सगळं सुरळीत होतं. तेव्हा ती आपणहून विचारतात, शाळेला सुट्टी किती दिवस आणि पाळण्यात बसायला न्यायचं कधी.

सांगून निघण्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे सांगितल्याप्रमाणे येणं. बूट घातले की मी दारात, असं सकाळी आपण बोललेलो असतो. मूल बूट घालून दाराशी उभं असतं. एकेकाची आई येते, एकेकाची रिक्षा येते, पायरीवरची गर्दी ओसरते आणि आपलं एकटं उरतं. आपल्याला दहाच मिनिटं उशीर झालेला असतो आणि आपण येताना फोनवर ‘निघालेच’ असं कळवलेलंही असतं. पण ते बाईंना कळतं, मुलाला नाही. सकाळचा अर्ध्या मिनिटाचा निरोप त्या दहा मिनिटांत पार धुऊन जातो. पहिला महिना तरी कामं पुढेमागे करा, आज्जी-आजोबांना सांगा, शेजारणीशी पाळी लावा, पण शाळा सुटताना दारात आपलं कुणीतरी दिसलं पाहिजे. आणि येणारं माणूस बदलणार असेल तर तेही सकाळीच मुलाला सांगा.

बाराला शाळा सुटत असेल तर घरून साडेअकरालाच निघा. सात रस्त्याचा सिग्नल त्या वेळेला एका खेपेत पार होत नाही.